‘वीडु’चा शोध घ्या : राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ – राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय,
लॉ कॉलेज रस्ता, पुणे.

विषय : दिग्दर्शक व छायालेखक बालू महेंद्र यांच्या चित्रपटांचा शोध, जतन आणि प्रदर्शन.

महोदय,

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही आपली म्हण तमिळमध्ये जवळजवळ शब्दशः आहे : ‘वीट्टैक् कट्टिप् पार्, कल्याणम् पण्णिप् पार्’. या म्हणीच्या पहिल्या अर्ध्या भागावर बालू महेंद्र यांनी 1988 साली एक चित्रपट केला आणि त्याचे नावही ‘वीडु’, म्हणजे ‘घर’, एवढेच ठेवले. त्या काळी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवत असत आणि तशाच एका दुपारी मी तो घरच्यांबरोबर पाहिला. आमच्या घराचे बांधकाम तेव्हा स्लॅबपर्यंत येऊन थांबले होते. वडिलांच्या वहीत वाळूच्या गाड्या आणि सिमेंटची पोती यांचा हिशेब रोज रात्री मांडला जाई आणि तो कधीच जुळत नसे. आईला तमिळचा एक शब्द कळत नव्हता, पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचून होण्याआधीच निघून जात होती. तरी ती जागची हलली नाही. चित्रपट संपल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आज हे पत्र लिहीत आहे, त्याचे मूळ त्या दुपारी आहे.

ज्या चित्रपटाबद्दल मी लिहीत आहे त्याची मूळ निगेटिव्ह आता शिल्लक नाही. ‘वीडु’ची नाही आणि त्यानंतरच्या ‘संध्या रागम’चीही नाही, असे स्वतः बालू महेंद्र यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात जाहीरपणे सांगितले होते. आपल्या सर्व चित्रपटांपैकी हेच दोन त्यांना सर्वांत जवळचे वाटत. तमिळनाडूत चित्रपटांचे संग्रहालय असावे अशी मागणी ते त्यामुळेच तळमळीने करत राहिले. 13 फेब्रुवारी 2014 रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

हे पत्र चेन्नईला न पाठवता आपल्याला पाठवण्याचे कारण असे, की बालू महेंद्र यांची कारकीर्द पुण्यात सुरू झाली. त्यांचा जन्म 1939 मध्ये श्रीलंकेत, बट्टिकलोआजवळच्या अमृतकळी या गावात झाला. शाळकरी वयात सहलीला गेले असता डेव्हिड लीन यांच्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’चे चित्रीकरण त्यांनी पाहिले. दिग्दर्शकाने ‘पाऊस’ असे ओरडताच समोर पाऊस पडू लागला, आणि त्या क्षणी आपण हेच करायचे असे मनाने घेतले, ही आठवण ते नेहमी सांगत. पुढे समुद्र ओलांडून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि 1969 मध्ये छायालेखनाचे सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. प्रभात स्टुडिओच्या ज्या आवारात त्यांनी कॅमेरा हाती धरला तिथून आपले कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फेब्रुवारी 1964 मध्ये स्थापन झालेले आपले संग्रहालय तेव्हा बाल्यावस्थेत होते, आणि जुने उत्तम चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. सत्यजित राय यांचे ‘पथेर पांचाली’ त्यांनी गुरुस्थानी मानले. सूर्याचा उजेड जसा येतो तसा येऊ द्यावा, माणसाच्या तोंडावर खोटा प्रकाश मारू नये, हा त्यांचा आग्रह त्याच परंपरेतला होता.

तमिळ चित्रपटसृष्टीत त्या काळी हा आग्रह नवा होता. रामू करियाट यांच्या ‘नेल्लु’ (1974) या मल्याळम चित्रपटाने त्यांची छायालेखक म्हणून सुरुवात झाली. महेंद्रन यांचा ‘मुळ्ळुम मलरुम’ (1978) आणि के. विश्वनाथ यांचा ‘शंकराभरणम’ हे त्यांच्याच कॅमेऱ्यातून उतरलेले आहेत, आणि मणिरत्नम यांचा पहिला चित्रपट, 1983 चा कन्नड ‘पल्लवी अनुपल्लवी’, हादेखील त्यांनीच चित्रित केला. कन्नड, तमिळ, मल्याळम, तेलुगू, हिंदी अशा पाच भाषांत एवढ्या सहजतेने वावरलेला दुसरा छायालेखक चटकन डोळ्यांसमोर येत नाही. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपटसुद्धा तमिळ नसून कन्नड होता. 1977 च्या त्या ‘कोकिला’ने त्यांना छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. तमिळमधला पहिला चित्रपट म्हणजे ‘अळियाद कोलंगळ’ (1979). न पुसल्या जाणाऱ्या रांगोळ्या असा त्याचा अर्थ. वयात येणाऱ्या तीन मुलांची ती गोष्ट इतक्या हळुवारपणे सांगितलेली आहे, की तिचा कुठे गवगवा करावा असे वाटतच नाही.

मराठी वाचकांपैकी बहुतेकांनी बालू महेंद्र पाहिले आहेत ते नाव माहीत नसताना, ‘सदमा’मधून. कमल हासन आणि श्रीदेवी यांचा 1983 चा तो हिंदी चित्रपट त्यांनी स्वतःच्याच ‘मूंद्राम पिरै’वरून (1982) केला. मूळ नावाचा अर्थ तिजेची चंद्रकोर असा आहे. उटीच्या डोंगरांतले धुके, ओल्या लाकडी भिंती, संध्याकाळी खिडकीतून आत येणारा निळसर उजेड हे सारे त्या गोष्टीत सजावट म्हणून आलेले नाही. स्मृती हरवलेल्या मुलीचे जग त्या उजेडाइतकेच क्षणिक आहे, हे संवादाने सांगावे लागत नाही. तमिळ चित्रपटासाठी कमल हासन यांना अभिनयाचा आणि बालू महेंद्र यांना छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रेल्वे फलाटावरचा शेवट ज्यांनी एकदा पाहिला आहे त्यांना तो परत सांगण्याची गरज नाही.

त्यांनी केलेले सगळेच असे होते असे मी म्हणणार नाही. ‘नींगळ केट्टवै’ (1984) या चित्रपटाच्या नावाचाच अर्थ ‘तुम्ही मागितलेले’ असा आहे. बाजाराला हवे ते आपल्यालाही जमते हे दाखवण्यासाठी तो केलेला आहे आणि बघताना ते जाणवते. परदेशी कथानकांवर बेतलेले काही चित्रपटही त्यांनी केले. ते नीटस आहेत, पण त्यांत त्यांचा जीव गुंतलेला दिसत नाही. मात्र ज्या माणसाला व्यवसायाच्या अटी इतक्या चांगल्या ठाऊक होत्या, त्याने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या अटींकडे पाठ फिरवून ‘वीडु’ करावा, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे धाडस वाटते.

‘वीडु’मध्ये एकही गाणे नाही. इळैयराजा यांनी आधी केलेल्या ‘हाऊ टू नेम इट’ या वाद्यसंगीताच्या संग्रहातील तुकडे पार्श्वसंगीत म्हणून योजले आहेत. धाकटी बहीण आणि म्हातारे आजोबा यांच्याबरोबर भाड्याच्या घरात राहणारी सुधा ही नोकरदार मुलगी, घरमालकाने जागा सोडायला सांगितल्यावर स्वतःचे घर बांधायला निघते. कर्ज, मंजुरी, कंत्राटदार या क्रमाने ती एकेका दारात उभी राहते. कंत्राटदार सिमेंट परस्पर विकतो, ते तिला सांगण्याचे धैर्य कामावरची मजूर बाई मंगम्मा दाखवते, आणि पुढचे बांधकाम ह्या दोन बायका मिळून रेटतात. आजोबांच्या भूमिकेत चोक्कलिंग भागवतर हे रंगभूमीवरचे वयोवृद्ध नट आहेत. अर्धवट बांधलेले घर पाहायला ते एकटेच निघतात, हातात छत्री घेऊन बिनगिलाव्याच्या भिंतींना हात लावत खोल्याखोल्यांतून हिंडतात, आणि परतताना वाटेतच त्यांचे प्राण जातात. त्यानंतर कळते की ती जागाच सरकारी पाणीपुरवठ्याच्या योजनेत गेलेली आहे. चित्रपट संपतो तेव्हा घर उभे आहे आणि ते कोणाचे, हे कोर्ट ठरवणार आहे. सुधाच्या भूमिकेसाठी अर्चना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा आणि चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या लहानपणी आई घर बांधायला लागली आणि तिच्या चेहऱ्यावरचे हसू हरपले, त्या आठवणीतून हा चित्रपट आला, असे बालू महेंद्र सांगत. हे वाचले तेव्हा मला त्या रविवारी स्वयंपाकघरात गेलेली माझी आई आठवली.

आता मुद्दा असा, की हा चित्रपट आज जो पाहिला जातो तो जुन्या व्हीसीडीवरून इंटरनेटवर चढवलेल्या, कडा कापलेल्या आणि रंग उडालेल्या प्रतीतून. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाच्या बाबतीत कथा आणि संवाद पोचले म्हणजे बरेच काही पोचले, असे समाधान करून घेता येईल. बालू महेंद्र यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. ते आपले चित्रपट स्वतः लिहीत, स्वतः चित्रित करत आणि स्वतःच संकलित करत. त्यांचे सांगणे उजेडात असे. भिंतीला हात लावणाऱ्या आजोबांच्या बोटांवर पडलेले ऊन त्या प्रतीत पांढरा डाग होऊन जाते, खोलीतला अंधार काळा चिखल होतो. जे पाहून आम्ही ‘वीडु’ पाहिला असे म्हणतो, ती ‘वीडु’ची बातमी आहे.

हे कसे घडते ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरीही इतर वाचकांसाठी थोडे लिहितो. निगेटिव्ह ही निर्मात्याची मालमत्ता असे, पण ती पडून राही लॅबमध्ये. निर्माता कर्जात बुडाला, वारला किंवा व्यवसाय सोडून गेला की त्या डब्यांचा वाली कोणी उरत नसे, आणि डिजिटल तंत्र आल्यावर लॅबच बंद होऊ लागल्या तेव्हा तर ते डबे अडगळ ठरले. ॲसिटेटची फिल्म थंड आणि कोरड्या जागी ठेवली नाही तर तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, ती आक्रसते, वाकते आणि शेवटी यंत्रात घालता येत नाही. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधले निळे आणि हिरवे रंग आधी उडतात, मग सारे चित्र गुलाबी दिसू लागते. चेन्नईची दमट हवा या सगळ्याला अनुकूल आहे. तमिळ चित्रपटाने ही किंमत पहिल्यापासून मोजली आहे : दक्षिणेतील पहिला मूकपट ‘कीचकवधम’ आज नाही, आणि पहिला तमिळ बोलपट मानला जाणारा 1931 चा ‘कालिदास’ही नाही.

पुण्यात बसलेल्या मराठी माणसाने तमिळ चित्रपटासाठी का पत्र लिहावे, असे कोणी विचारले तर मी पी. के. नायर यांचे नाव घेईन. तिरुवनंतपुरमहून आलेल्या या गृहस्थाने आपले संग्रहालय शून्यातून उभारले, आणि दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे व ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतात ते त्यांच्या चिकाटीमुळे. एका मल्याळी माणसाने आपली रिळे गोळा केली नसती तर फाळके आपल्याला फक्त छायाचित्रांतून आणि लेखांतून ठाऊक असते. त्यांचे ते ऋण आता फेडता येणार नाही. पण त्यांच्याच संस्थेकडे दुसऱ्या भाषेतल्या एका कलावंतासाठी शब्द टाकता येतो.

माझी पहिली विनंती शोधाची आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे चित्रपट संग्रहात घेण्याचे आपले धोरण जुने आहे, आणि बालू महेंद्र यांच्या नावावर सहा राष्ट्रीय पुरस्कार आहेत. मार्च 2022 मध्ये संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजन आणि चित्रपट महोत्सव संचालनालय हे सारे एकाच महामंडळाखाली आले, त्यामुळे पुरस्कारांसाठी आणि महोत्सवांसाठी त्या त्या वर्षी आलेल्या प्रिंटची नोंद आता एकाच घरात असायला हवी. ‘संध्या रागम’ची गोष्ट तर अधिकच सरळ आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर गावाहून पुतण्याच्या ओढगस्तीच्या संसारात आलेल्या एका वृद्धाचा हा चित्रपट दूरदर्शनने निर्माण केला. त्याला कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जनतेच्या पैशातून झालेल्या त्या कामाची फिल्म किंवा प्रसारणाची मूळ टेप दिल्ली वा चेन्नईच्या केंद्रात कुठे आहे का, हे प्रसार भारतीला अधिकृत पत्राने विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. माझ्यासारख्या प्रेक्षकाने विचारले तर उत्तर येईलच असे नाही. याखेरीज परदेशी महोत्सवांना गेलेल्या प्रिंट कित्येकदा तिथल्याच संग्रहालयांत राहून जातात, आणि जगभरच्या संग्रहालयांशी आपला पत्रव्यवहार आहे. या शोधातून काय मिळाले आणि कोणत्या स्थितीत मिळाले, ते चित्रपटागणिक जाहीर करावे. एखाद्या चित्रपटाचे काहीच मिळाले नाही, तर तेही तसेच जाहीर व्हावे, म्हणजे ज्याच्या माळ्यावर एखादा डबा पडलेला असेल त्याला त्याचे मोल कळेल.

दुसरी विनंती पुनरुज्जीवनाची. मे 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली 2200 चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी 363 कोटी रुपयांची घोषणा झाली, आणि त्याच महिन्यात आपण पुनरुज्जीवित केलेला सत्यजित राय यांचा ‘प्रतिद्वंद्वी’ कान महोत्सवात दाखवला गेला. काम कसे करावे हे आपल्याला येते, याचा तो पुरावा आहे. ‘वीडु’च्या बाबतीत निगेटिव्ह नसल्याने जी उत्तमात उत्तम प्रिंट मिळेल तिच्यावरूनच काम करावे लागेल. तिच्यावर ओरखडे असतील, इंग्रजी उपशीर्षके चित्रातच छापलेली असतील, रंग उतरलेले असतील. अशा वेळी मोठा धोका असतो तो अति सफाईचा. यंत्राच्या साहाय्याने सगळे लखलखीत करून टाकले तर बालू महेंद्र यांनी चित्रात राखलेला अंधारच पुसला जाईल. म्हणून रंग आणि उजेड ठरवताना त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांना शेजारी बसवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशी माणसे आज आहेत, कामात आहेत. बाला आणि वेट्रीमारन यांसारखे दिग्दर्शक त्यांच्याच तालमीत तयार झाले. सहायकाला आधी कथा वाचायला लावून तिचा सारांश लिहून घेण्याची त्यांची शिस्त होती, आणि तमिळ लेखकांच्या 52 कथांवर त्यांनी ‘कदै नेरम’ ही मालिका दूरचित्रवाणीसाठी केली. तिच्याही मूळ टेप सुरक्षित आहेत का, ते या निमित्ताने पाहावे. गुरूच्या चित्रात सावली किती गडद होती हे त्या शिष्यांच्या डोळ्यांना आठवते; आणखी वीस वर्षांनी ते विचारायला कोणी असणार नाही.

हक्कांचा प्रश्न आडवा येईल, हे मी जाणून आहे. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो. त्या हिशेबाने ‘वीडु’ 2048 संपेपर्यंत खुला होणार नाही, आणि तोवर थांबलो तर खुले करण्याजोगे काही उरणार नाही. निर्मात्यांना किंवा त्यांच्या वारसांना शोधून, जतनापुरती परवानगी आणि प्रदर्शनाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून त्यांच्यापुढे ठेवल्या, तर पहिलीला सहसा कोणी नकार देत नाही. फिल्म वाचवण्यासाठी पहिलीच पुरेशी आहे. दुसरीसाठी बोलणी सावकाश चालू राहिली तरी चालेल.

चेन्नईत राज्याचे स्वतःचे संग्रहालय व्हावे ही बालू महेंद्र यांची मागणी होती. त्या कामी तमिळनाडू सरकारला तांत्रिक मदत देण्याची तयारी आपण लेखी कळवली, तर त्या मागणीला वजन येईल. फिल्म कशी टिकवावी, थंड साठवणूक कशी उभारावी, नोंदवही कशी ठेवावी, हा साठ वर्षांचा अनुभव देशात आपल्याइतका दुसऱ्या सरकारी संस्थेकडे नाही.

त्यांचा शेवटचा चित्रपट ‘तलैमुरैगळ’ डिसेंबर 2013 मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, प्रदर्शित झाला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते त्यात प्रथमच कॅमेऱ्यासमोर आले, आजोबा म्हणून. आजोबांना इंग्रजी येत नाही, शहरातल्या नातवाला तमिळ येत नाही, आणि तरीही दोघे एकमेकांना सापडतात. राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा नर्गिस दत्त पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा तो स्वीकारायला ते नव्हते. तो चित्रपट फिल्मवर नाही, डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेला आहे. डिजिटल फाईल डब्यासारखी आंबत नाही, एक दिवस ती नुसती उघडत नाही. तेव्हा तिचीही प्रत वेळेत घेतली जावी.

जे काही हाती लागेल ते आधी पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आपल्याच सभागृहात दाखवावे. येत्या 20 मे रोजी त्यांचा जन्मदिवस आहे. तोवर पुनरुज्जीवन होणार नाही हे मला समजते. ‘वीडु’ची एखादी ओरखडे पडलेली प्रिंट संग्रहात असेल, तर ती जशी आहे तशी, मराठी उपशीर्षके पडद्याखाली वेगळी दाखवून लावता येईल. भाषांतराच्या कामाला मी आणि आमच्या चित्रपट मंडळातली तमिळ जाणणारी दोन माणसे विनामोबदला बसायला तयार आहोत. माझी आई आता 81 वर्षांची आहे. मधल्या रांगेतली कडेची एक खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवावी, एवढे सुचवतो. तिला पायऱ्या फार चढवत नाहीत.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक प्रेक्षक